संगणकाची देवडी


ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नियमित डागडुजी थांबविली. ज्यांना जुना संगणक टाकवत नाहीं, त्यांना त्यावर विंडोजशेजारीं लिनक्स बसवितां येतें. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानें तर 'बॉस' नांवाचें भारतीय लिनक्सही सिद्ध केलें आहे. परंतु दोन प्रणाली एकत्र नांदूं लागल्या म्हणजे एखादे दिवशीं काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढींच अक्षरें उमटतात, आणि कोणीतरी सल्ला देतो, "सगळें पुसून नव्यानें बसवा." हा सल्ला ऐकूं नये, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

पेठेंतील जुन्या वाड्याची कल्पना करा. आंत दोन बिऱ्हाडें आहेत, आणि देवडीवरचा पहारेकरी आल्यागेल्यास योग्य दार दाखवितो. संगणकांतील असा पहारेकरी म्हणजे बूट लोडर. लिनक्समध्यें त्याचें नांव बहुधा ग्रब. तो डिस्कवरील एका लहानशा, ईएफआय नांवाच्या विभागांत बसतो. विंडोजच्या मोठ्या सुधारणेनंतर कधीं त्याचा पहिला मान जातो. डिस्कचे विभाग बदलतांना कधीं त्याला आपलें दफ्तर सांपडत नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-सुधारणेनें तर जुन्या पहारेकऱ्यांस अविश्वसनीय ठरविलें, आणि जगभर अनेक संगणकांवर लिनक्स उघडेना. बिऱ्हाडें मात्र जागच्या जागीं होतीं.

म्हणून प्रथम संगणक सुरू होतांना एफ-२ किंवा एफ-१२ यांसारखी, त्या त्या कंपनीनें ठरविलेली कळ दाबून आरंभक्रम पाहावा. तेथें लिनक्सचें नांव असल्यास तें वर आणावें. पुष्कळदां एवढ्यानें काम भागतें. न भागल्यास लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, कांहींही न बसवितां, संगणक चालू करावा आणि आधीं महत्त्वाचीं कागदपत्रें व छायाचित्रें बाहेरच्या डिस्कवर उतरून घ्यावीं. मग जुन्या लिनक्सचा विभाग व ईएफआय विभाग जोडून, 'सीएचरूट'नें आंत शिरून, डेबियन घराण्यांतील प्रणालींत 'ग्रब-इन्स्टॉल' व 'अपडेट-ग्रब' या दोन आज्ञा क्रमानें द्याव्या. यादींत विंडोज न दिसल्यास भिऊं नये. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणालींचा शोध मुळांतच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या मांडणींतील 'ओएस-प्रोबर'ची ओळ बदलून तो सुरू करावा व 'अपडेट-ग्रब' पुन्हां द्यावें.

एक धोका मात्र खरा आहे. विंडोजचा विभाग बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर आरंभाच्या मांडणींत फेरफार होतांच विंडोज ४८ अंकी किल्ली मागूं शकतें. ती नसेल, आणि कागदपत्रांची दुसरी प्रतही नसेल, तर तीं कायमचीं अंतरतात. यासाठीं लिनक्स बसविण्यापूर्वींच ती किल्ली कागदावर उतरून घरांतील दस्तऐवजांबरोबर ठेवावी, आणि लिनक्सचा एक पेनड्राइव्ह तयार करून त्याच कपाटांत ठेवावा.