वजनाचं शास्त्र, भाग ९ : भूक मारणारी गोळी

गेल्या आठवड्यात आपण भुकेचा शरीरातला कारभार पाहिला. जठरातून निघणारं घ्रेलिन भूक जागवतं, चरबीच्या पेशींतलं लेप्टिन साठा पुरेसा असल्याचं कळवतं, जेवण खाली उतरल्याची खबर आतड्यातली संप्रेरकं देतात, आणि हे सगळे निरोप मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये पोहोचतात. वजन उतरवलं की घ्रेलिन वाढतं, लेप्टिन घटतं आणि वर्ष उलटलं तरी शरीर गेलेले किलो परत मागत राहतं. म्हणूनच डाएट सुटलेल्या माणसाला आळशी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. तो रोज स्वतःच्या संप्रेरकांशी झगडत असतो. अशा थकलेल्या माणसाला कोणी म्हणालं, ‘ही गोळी घ्या, भूकच लागणार नाही’, तर त्याचा हात पुढे होणारच.

अडचण अशी की केवळ भुकेसाठी राखून ठेवलेलं एकही रसायन शरीरात नाही. सेरोटोनिन भूक कमी करतं; तेच झोप, मनःस्थिती आणि आतड्याची हालचालही सांभाळतं, आणि त्याला प्रतिसाद देणारे ग्राहक हृदयाच्या झडपांवरही असतात. नॉरअॅड्रेनालिनने जेवण नकोसं होतं, पण नाडीही जोरात चालते. भूक दाबायला निघालेलं औषध वाटेत आणखी कुठे कुठे पोहोचतं, हे बहुतेक वेळा ते बाजारात गेल्यावर कळलं आहे. त्याची किंमत किती होती, ते फेनफ्लुरामाइनच्या कहाणीत दिसतं.

फेनफ्लुरामाइनला अमेरिकेत १९७३ साली परवानगी मिळाली. सेरोटोनिन वाढवून ते भूक कमी करायचं, पण झोप आणायचं. १९५९पासून विकलं जाणारं फेंटरमाइन उलट तरतरी आणायचं. दोन्ही एकत्र दिली तर एकाचा त्रास दुसरं झाकेल, अशी कल्पना निघाली आणि १९९२ साली एका छोट्या अभ्यासात वजन चांगलं उतरलेलं दिसलं. ही जोडगोळी ‘फेन-फेन’ नावाने गाजली. अशी जोडी करून द्यायला सरकारी परवानगी कधीच नव्हती. परवानगी सुटी सुटी होती, तीही थोड्या काळापुरती. तरी १९९६ या एका वर्षात अमेरिकेत या औषधांची १ कोटी ८० लाखांहून जास्त प्रिस्क्रिप्शन्स लिहिली गेली. पुष्कळांना मुळात लठ्ठपणाचा आजारच नव्हता.

ऑगस्ट १९९७मध्ये मेयो क्लिनिक आणि नॉर्थ डकोटातल्या फार्गो इथल्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्या ही जोडगोळी घेत होत्या आणि सगळ्यांच्या हृदयाच्या झडपा जाड, चकाकत्या पांढऱ्या होऊन नीट मिटेनाशा झाल्या होत्या. मग कसलाही त्रास न जाणवणाऱ्या २९१ जणांची इको तपासणी पाहिली गेली, तर जवळजवळ तीस टक्क्यांच्या झडपांत दोष आढळला. सप्टेंबर १९९७मध्ये फेनफ्लुरामाइन बाजारातून काढलं गेलं. शरीरात त्याचं नॉरफेनफ्लुरामाइन बनतं आणि झडपांवरच्या सेरोटोनिनच्या एका ग्राहकाला ते चेतवतं. मग झडपेतल्या पेशी वाढत सुटतात, हे कारण पुढे उलगडलं.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण फ्रान्समध्ये ‘मेडिएटर’ नावाची गोळी १९७६पासून मिळत होती. कागदावर ती मधुमेह्यांसाठी होती, प्रत्यक्षात असंख्य लोक बारीक होण्यासाठी घेत. तिच्यातल्या बेनफ्लुओरेक्सचंही शरीरात तेच नॉरफेनफ्लुरामाइन होत होतं. ब्रेस्त शहरातल्या फुप्फुसतज्ज्ञ इरेन फ्राशोन यांनी आपल्या रुग्णालयातले झडपांचे रुग्ण एकेक करून तपासले, दुवा सिद्ध केला आणि २००९ साली ही गोळी बंद झाली. अमेरिकेतल्या बंदीनंतर बारा वर्षांनी! मार्च २०२१मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सर्व्हिए या उत्पादक कंपनीला फसवणूक आणि निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूंबद्दल दोषी धरलं. धोक्याचं रसायन ओळखीचं होतं, तरी दुसऱ्या नावाखाली ते विकलं जात राहिलं. मला या हकिकतीतलं सर्वांत संतापजनक वाटतं ते हे.

आपल्याकडे जास्त परिचयाचं नाव सिब्युट्रामाइनचं. नैराश्यावरचं औषध म्हणून त्याच्यावर काम सुरू झालं होतं, तेव्हा ते घेणाऱ्यांचं वजन उतरतं असं लक्षात आलं. अमेरिकेत १९९७ साली ते वजनासाठी बाजारात आलं, भारतातही पुष्कळ कंपन्यांनी विकलं. रक्तदाब आणि नाडी वाढते हे सुरुवातीपासून माहीत होतं. वजन उतरलं की हृदयाला फायदाच होईल, असं गृहीत धरलं गेलं. ते तपासायला स्काउट नावाची चाचणी झाली. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे ९,८०० जणांपैकी निम्म्यांना औषध मिळालं, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. सरासरी साडेतीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू अशा घटना रिकाम्या गोळीच्या गटात १० टक्के होत्या, औषधाच्या गटात ११.४ टक्के. वजन थोडं उतरलं होतं आणि हृदयावरचं संकट वाढलं होतं. २०१०मध्ये युरोप-अमेरिकेतून हे औषध गेलं, फेब्रुवारी २०११मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. त्याआधी, डिसेंबर २००९मध्ये, रिमोनाबँट या दुसऱ्या औषधावर आपल्याकडे बंदी आली होती. गांजाने भूक वाढते ती ज्या ग्राहकामुळे, तोच बंद करायची त्यामागची कल्पना होती. पण त्याने भुकेबरोबर जगण्यातला आनंदही हिरावला, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले.

एवढं झाल्यावर ‘भूक मारणारं कुठलंच औषध नको’ असं म्हणावंसं वाटतं. मी तसं म्हणणार नाही, कारण गेल्या काही वर्षांत पुरावा बदलला आहे. सेमाग्लुटाइड हे औषध आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल आहे. मूळ संप्रेरक रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं उरतं, ही नक्कल जवळजवळ आठवडाभर टिकते; म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा. ६८ आठवड्यांच्या मुख्य चाचणीत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषधाविना २.४ टक्के. मला याहून मोलाची वाटते ती २०२३ सालची सिलेक्ट चाचणी. त्यात हृदयविकार असलेले पण मधुमेह नसलेले १७,६०४ जाडजूड लोक होते आणि त्यांच्याकडे सव्वातीन वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं गेलं. हृदयाच्या गंभीर घटना औषधाविना ८ टक्के, औषधाने ६.५ टक्के. स्काउटने विचारलेलाच प्रश्न इथे विचारला गेला, आणि उत्तर उलट आलं. ‘किती किलो उतरतील’ यापेक्षा ‘तीन-चार वर्षांनी हृदयाचं काय झालं’ हा प्रश्न मोठा आहे, आणि कुठल्याही नव्या औषधाला तो विचारायलाच हवा.

भारतात टिर्झेपाटाइड हे याच कुळातलं इंजेक्शन मार्च २०२५मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५मध्ये आलं. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतची. स्वस्त पर्यायांची वाट त्यानंतर मोकळी. स्वस्त झालेलं औषध चुकीच्या हातीही लवकर पडतं, याची मला काळजी वाटते. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज हे गंभीर. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर हे औषध वर्ज्य. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. आणि ते थांबवलं की भूक परतते: चाचणीनंतर वर्षभरात लोकांचं उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. हे रक्तदाबाच्या गोळीसारखं दीर्घकाळ चालणारं औषध आहे. तीन महिन्यांनी लग्न आहे म्हणून घ्यायचं ते नव्हे.

आपल्या लोकांसाठी एक जादा सावधगिरी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडे त्याच वजनात स्नायू कमी, चरबी जास्त. या औषधांनी वजन उतरताना स्नायूही जातात. भूक मेल्यावर जो माणूस अर्ध्या पोळीवर आणि चहा-बिस्किटावर दिवस काढेल, त्याचे आधीच कमी असलेले स्नायू आणखी झिजतील. औषध सुरू असताना डाळ, उसळ, दही, अंडी, मासे आधी आणि भात-पोळी नंतर, शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हा उपचाराचाच भाग धरावा.

मग घ्यावं कोणी? बीएमआय ३०च्या वर असेल, किंवा २७च्या वर असून मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा आजार जोडीला असेल, आणि आहार-व्यायामाचा मनापासून प्रयत्न होऊन गेला असेल, तर डॉक्टरांशी बोलण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चार-पाच किलो जड वाटणाऱ्या निरोगी माणसाने या वाटेला जाऊ नये.

सर्वांत जास्त धोका मात्र प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या पुड्या आणि कॅप्सूल यांत आहे. ‘संपूर्ण आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या औषधांत बंदी आलेलं सिब्युट्रामाइन मिसळलेलं जगभर पुन्हा पुन्हा सापडलं आहे. गार्सिनियाच्या कॅप्सूल वेगळ्या. हे झाड आपल्या कोकमाचं भावंड. त्याच्या अर्काची १९९८ साली १३५ जणांवर नीट चाचणी झाली, तेव्हा बारा आठवड्यांत रिकाम्या गोळीपेक्षा जास्त वजन उतरलं नाही. पुढे अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आल्या. आमटीतल्या आमसुलाला घाबरायचं कारण नाही, अर्काच्या कॅप्सूलपासून मात्र लांब राहा.

अशी एखादी पुडी तुम्ही घेत असाल आणि तिने भूक झपाट्याने उडाली असेल, छाती धडधडत असेल, तोंड कोरडं पडत असेल, झोप येत नसेल, तर ती बंद करा. पाकीट फेकू नका. ते घेऊन डॉक्टरांकडे जा, रक्तदाब आणि नाडी तपासून घ्या आणि किती दिवस, किती घेतलं ते स्पष्ट सांगा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या आठवड्यात : झोप कमी झाली की भूक का वाढते?