वाण्याचं दुकान, आशाताई आणि अमेरिका

ब्रिटिश रॉक बँड म्हटला की डोळ्यांसमोर कपाळावर केस आणि चेहऱ्यावर वैताग घेतलेली चार पोरं येतात. पण अशाच एका बँडमध्ये पंजाबी आईबापांचा तजिंदर सिंग गायचा, अँथनी सॅफरी सतार वाजवायचा आणि तंबोरा छेडायचा बेन एअर्स नावाचा गोरा गडी. बँडचं नाव ‘कॉर्नरशॉप’, म्हणजे आपल्या भाषेत कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. विलायतेत देशी माणूस दिसला की त्याचं दुकानच असणार, असा गोऱ्यांचा समज होता. १९९१ मध्ये लेस्टरला जमलेल्या या बँडने तोच टोमणा उचलून पाटीवर रंगवला.

पहिली रेकॉर्ड १९९३ ची, आणि तबकडीचा रंग चक्क करीचा! मटणाची की कढीची, याचा खुलासा नाही. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये ईएमआय कंपनीच्या दारात मॉरिसी या बड्या गायकाचं चित्र जाळलं होतं. त्याची वंशाबद्दलची बोलणी त्यांना खटकली होती. थोडक्यात, सुरुवातीला या बँडच्या गाण्यांपेक्षा भांडणाचीच चर्चा जास्त.

मग अमेरिकेने हात दिला. ‘टॉकिंग हेड्स’वाल्या डेव्हिड बर्नची न्यूयॉर्कमध्ये ‘लुआका बॉप’ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी होती, तिने यांना घेतलं. बर्नचा कान आधीच आपल्याकडे लागलेला. १९९२ मध्ये त्याच कंपनीने कन्नड चित्रपटांचे संगीतकार विजयानंद यांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम अमेरिकेच्या बाजारात आणला होता. बंगळुरूचं कॅबरे संगीत मॅनहॅटनला ऐकवणाऱ्या माणसाला सतारवाला रॉक कसला अवघड?

सप्टेंबर १९९७ मध्ये आला ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’. नावातच पुनर्जन्म, आणि आत निम्मी अमेरिका. कॅलिफोर्नियाचा डॅन द ऑटोमेटर काही गाण्यांच्या निर्मितीत, सॅन फ्रान्सिस्कोची पॉला फ्रेझर एका गाण्यात, जस्टिन वॉरफिल्डचं रॅप दुसऱ्यात. शिवाय कवी ॲलन गिन्सबर्ग स्वतःच्या आवाजात कविता वाचतो. हाच गिन्सबर्ग साठच्या दशकात काशीच्या घाटांवर भटकून गेला होता. अल्बम दुकानात पोचण्याआधी, एप्रिल १९९७ मध्ये, तो गेला. शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’, तेही पंजाबीत. जॉर्ज हॅरिसनने १९६५ मध्ये त्या गाण्यात सतार घातली, तजिंदरने बत्तीस वर्षांनी शब्दही आपल्याकडचे घातले. हिशेब चुकता!

पण ज्या गाण्याने नाव झालं ते ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. यातली आशा म्हणजे आपल्या आशाताई भोसले. सांगलीत जन्मलेल्या आणि १९४३ मध्ये ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात पहिल्यांदा गायलेल्या. ‘आशा’ या शब्दाचा अर्थ तजिंदरला ठाऊक होताच, श्लेष मुद्दाम केलेला आहे. गाण्यात लतादीदी आणि रफीसाहेबही हजेरी लावून जातात. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीवरच्या प्रेमाचं हे गाणं. गंमत अशी, की त्यात स्वतः आशाताईंचा आवाज एक क्षणभरही नाही! देवळात आरती जोरात चालू आणि मूर्ती दुसऱ्या गावी, असा प्रकार.

घरच्या मैदानावर मात्र हे गाणं आधी आपटलं. ऑगस्ट १९९७ मध्ये ब्रिटनच्या यादीत ते ६० व्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलं. उलट अमेरिकेत ‘स्पिन’ मासिकाने वर्षाअखेरीस याच अल्बमला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. १९९८ च्या जानेवारीत ‘ओअ‍ॅसिस’च्या अमेरिका दौऱ्यात आधी गायला कॉर्नरशॉप होतं. पुढच्याच महिन्यात नॉर्मन कुक ऊर्फ फॅटबॉय स्लिमने चाल पळवत नेलेलं रीमिक्स ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. (माझं मत विचाराल तर मूळ संथ गाणंच सरस. रीमिक्स वरातीला ठीक.) त्याच अल्बमचं ‘कँडीमॅन’ पुढे २००६ मध्ये नायकीच्या जाहिरातीत बास्केटबॉलपटू लब्रॉन जेम्सच्या बुटांपाठी वाजलं. वाण्याच्या दुकानात चपलाबूटही मिळू लागले म्हणायचे.

आता खुद्द आशाताईंचं अमेरिकेतलं खातं उघडू, कारण ते ‘ब्रिमफुल ऑफ आशा’च्या आधीपासूनचं आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलला उस्ताद अली अकबर खाँ यांचं संगीत विद्यालय. खाँसाहेबांकडून जुन्या बंदिशी घेऊन आशाताई ‘लेगसी’ हा अल्बम गायल्या आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. ‘पिया तू’ची बाई खयाल-तराणा घेऊन अमेरिकेत पोचली! २००२ मध्ये ‘वन जायंट लीप’ या अल्बमवर त्यांच्यासोबत जॉर्जियातल्या ‘आर.ई.एम.’ बँडचा मायकेल स्टाइप गातोय. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेटने पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, गाण्यांचा अल्बम केला. व्हायोलिन-चेलोवाली चौकडी, तबल्याला झाकीरभाई, चिनी पीपावर वू मान, आणि सत्तरी ओलांडलेल्या आशाताई मूळ गाण्यांना नव्याने भिडलेल्या. त्यालाही नामांकन.

त्याच २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ब्लॅक आइड पीज’नी एक गाणं काढलं. त्यात कल्याणजी-आनंदजींच्या दोन चालींचे तुकडे, एक १९७२ च्या ‘अपराध’मधला आणि एक १९७८ च्या ‘डॉन’मधला. दोन्ही मूळ गाणी आशाताईंची. फेब्रुवारी २००६ च्या ग्रॅमी सोहळ्यात क्रोनोसचा अल्बम नामांकनावरच थांबला. रॅपच्या विभागात ‘ब्लॅक आइड पीज’चं ते गाणं मात्र बाहुली घेऊन गेलं. बाहुली कसली, ग्रॅमीचा तो छोटा सोनेरी ग्रामोफोनच. वर तबकडी लावावी असा.