परातीतला समुद्र

ती परात आणा पाहू इकडे, पाण्यानं भरून. खिडकीपाशी ठेवा, उन्हात. आता फुंकर घाल, हलकीच. बघ, पाणी कसं शहारलं! आता गोडेतेलाचा एकच थेंब सोड आणि पुन्हा फुंक. तेल पसरलं तिथं पाणी गुळगुळीत राहिलं की नाही? इकडून, माझ्या बाजूनं बघ, म्हणजे चकाकेल.

आता गोष्ट. पॉल स्कली-पॉवर नावाचा एक दाढीवाला समुद्रशास्त्रज्ञ होता. जन्म सिडनीचा, नोकरी अमेरिकी नौदलात. जन्मभर समुद्राचा अभ्यास केला आणि 5 ऑक्टोबर 1984 ला चॅलेंजर यानात बसून निघाला कुठं, तर वर! त्याआधी एकही समुद्रशास्त्रज्ञ अंतराळात गेला नव्हता.

आठ दिवस तो खिडकीला डोळे लावून होता. यान दीड तासात पृथ्वीची फेरी मारायचं. सूर्य पाण्यावरून परतून नेमका डोळ्यांत येई, तेवढ्या पट्ट्यात समुद्र रुपेरी व्हायचा. आणि त्या रुप्यात भोवरे! जिलबीसारखे वळत गेलेले, एकेक दहा-वीस किलोमीटर रुंद. एखाददुसरा भोवरा आधीच्या अंतराळवीरांनीही पाहिला होता. यानं पाहिल्या त्या रांगाच्या रांगा, एकात एक गुंतलेल्या. भूमध्य समुद्रात तर किती!

समुद्रात तेल कोण ओततं म्हणतोस? पाण्यातले बारीक जीवच तेलकट साय सोडतात. प्रवाह ती ओढत नेतो, गुंडाळतो. साय असते तिथं लाटा दबतात, पाणी आरसा होतं.

बोटीवरच्यांना का नाही दिसलं? अरे, रांगोळीवरून चालणाऱ्या मुंगीला कमळ दिसतं का?

गंमत म्हणजे उत्तर गोलार्धात हे भोवरे बहुतेक घड्याळाच्या उलटे फिरतात आणि दक्षिणेत सुलटे. पृथ्वी गिरकी घेते ना, तिचा हात त्यात असतो. पण मोरीतलं पाणी बघत बसू नका. एवढ्याशा पाण्याला पृथ्वी विचारत नाही, ते मोरीच्या उताराप्रमाणं वळतं.

त्याच यानात कॅथरिन सलिव्हन होती, समुद्राच्या तळाचा अभ्यास केलेली भूशास्त्रज्ञ. त्या फेरीत ती यानाबाहेर पडून अंतराळात तरंगली. पुढं 2020 मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, पाणबुडीतून प्रशांत महासागराच्या तळाशी उतरली. जवळजवळ 11 किलोमीटर खोल! त्या जागेचं नाव चॅलेंजर डीप. यान आणि ती जागा, दोघांनाही नाव मिळालं ते 1872 साली समुद्र धुंडाळायला निघालेल्या एका ब्रिटिश जहाजावरून. मला ही गोष्ट भोवऱ्यांहून जास्त आवडते, पण तुम्हाला काय, तेल हवं!

दुसरा थेंब नको, आजी ओरडेल. काडीनं हळूच ढवळ. वळलं? दिसत नाही? अरे, ऊन सरकलं. परात सरकव थोडी.