२४ तास सगळ्यांना सारखे नसतात

गेल्या वर्षभरात हे वाक्य किती वेळा कानावर आलं त्याचा हिशेब नाही. मोबाइलच्या स्टेटसवर, पोलीस भरतीच्या तयारीच्या व्हिडिओत, शाळा-कॉलेजांतल्या मार्गदर्शनपर भाषणात तेच असतं : ‘दिवसाचे तास सगळ्यांना २४च. कलेक्टरला २४, तुम्हालाही २४. फरक फक्त नियोजनाचा.’ टाळ्या पडतात आणि पोरं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतात.

मागच्या महिन्यात दहावीतली एक मुलगी अशीच वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. वाक्याखाली तिने वेळापत्रक आखलं होतं. पहाटे ४ ते रात्री ११, पट्टीने मारलेल्या रेघा, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. पहिल्या तीन दिवसांच्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या, पुढच्या चार दिवसांच्या चौकटींत फुल्या, आणि त्यानंतरच्या चौकटी कोऱ्या. ‘सर, माह्यंच काऊन नाई होत?’ तिने एवढंच विचारलं.

घड्याळ सगळ्यांचं सारखं चालतं, यात वाद नाही. पण दिवसाचे तास आणि आपल्या ताब्यातले तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की माणूस स्वतःला आळशी समजायला लागतो. ही माझी एकट्याची समजूत नाही. देशाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोकांना विचारून दिवसाच्या वेळेचा हिशेब मांडलेला आहे. २०२४ च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे रोजचे ३ तास २१ मिनिटं आणि वर्षाचे बाराशेहून जास्त तास. शिवाय ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ होते आणि बायका ८१. एवढे आकडे समोर असताना पोरींच्या भरल्या वर्गात ‘२४ तास सगळ्यांना सारखे’ म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

आता आमच्या गावाकडे या. तळेगाव (श्यामजी पंत) आष्टी तालुक्यात, नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कापूस, सोयाबीन, तूर. भाषणातला पुढचा हुकमी सल्ला असतो, ‘पहाटे ५ ला उठा, कामाला लागा, जग झोपेत असताना तुम्ही पुढे जाल.’ कापूस वेचणाऱ्या बाईला हे सांगून पाहा. ती ५ च्या आधीच उठलेली असते, पण वावरात ५ ला जाऊन उपयोग नसतो. दिवाळीनंतरच्या थंडीत बोंडांवर दव असतं, आणि दवातला कापूस वेचला तर तो ओला निघतो. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तरच पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. म्हणून ऊन चढून दव सुकेपर्यंत थांबणं हेच तिथे शहाणपणाचं काम.

तिची मजुरी किलोवर ठरते. कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी ती झाडागणिक बोंडं मोकळी करत जाते. कोरड्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडेला ओरखडे उठतात. संध्याकाळी गाठोडं काट्याला लागतं तेव्हा कळतं दिवस किती भरला. पहिल्या-दुसऱ्या वेच्याला पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली असते, तेव्हा किलो भरभर भरतात. शेवटच्या वेच्याला त्याच बाईचे तेच हात तेवढ्याच वेगाने चालतात, तेवढेच तास चालतात, आणि काट्यावर वजन मात्र थोडंच दिसतं. तिच्या नियोजनात काय चुकलं? काही नाही. झाडावर बोंडंच कमी होती. माणसाच्या कामाचं फळ फक्त माणसावर ठरत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. व्याख्याते मात्र सोयीने विसरतात.

ओलिताचंही तेच. शेतीपंपाची लाईन पाळीपाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. हरभरा, गहू उभा असताना रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी घेऊन वावरात जातो, दांड फोडतो, बांधतो, आणि उजाडताना घरी येऊन पडतो. तो सकाळी ९ ला झोपलेला दिसला तर त्याला आळशी कोण म्हणेल? म्हणणारे आहेत, म्हणून तर चीड येते.

कामाचं फळ फक्त माणसावर ठरत नाही, हा मुद्दा आमच्या वर्धा जिल्ह्यात खरं तर नव्वद वर्षांपूर्वीच एका माणसाने स्वतःवर प्रयोग करून तपासला आहे. विनोबा सूतकताईत तरबेज होते. १९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी जवळजवळ पूर्ण दिवस कातायला बसून त्याच मजुरीवर जगून पाहिलं. असा कुशल, शिस्तीचा, क्षण वाया न घालवणारा कातणारा शोधून सापडला नसता. तरीही त्या काळच्या दराने पोट भरणं कठीण होतं. दोष हाताचा नव्हता, दराचा होता. त्याच १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहामुळे चरखा संघाने कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी देण्याचं धोरण घेतलं. कातणाऱ्या बायकांना ‘अजून भरभर काता’ असा उपदेश करण्याऐवजी दर बदलायला घेतला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सेवाग्रामचा दाखला नेहमी उलट्या बाजूने दिला जातो. बापू पहाटे ४ ला उठायचे, मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवायचे, म्हणून एवढं काम उरकायचे. ते वक्तशीर होतेच, कमरेचं घड्याळ प्रसिद्धच आहे. पण ते रात्री लवकर झोपत, दुपारी थोडी झोप घेत आणि सोमवारी मौन पाळत, हे कुणी सांगत नाही. आणि त्यांच्या त्या तासांमागे दुसऱ्या माणसांचे तास उभे होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीतून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी जात आणि पायी परत येत, वर्ध्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. पत्रं, टिपणं, भाषांतरं, ‘हरिजन’चा मजकूर, सगळं सांभाळत. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत, ते गेले तेव्हा वय फक्त ५० होतं. एका माणसाच्या भरगच्च दिवसाबद्दल बोलायचं तर तो दिवस कुणाकुणाच्या खांद्यावर उभा होता तेही सांगितलं पाहिजे.

याचा अर्थ नियोजन फुकट आहे असा कुणी काढू नये. तोही गैरसमजच. वेळेच्या नियोजनावरचे १५८ अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. नियोजन करणाऱ्यांचं काम आणि अभ्यास बऱ्यापैकी सुधारलेला दिसतो, पण त्याहून जास्त संबंध दिसतो तो आयुष्यातल्या समाधानाशी. हे मला पटतं. डोक्यात घोळणारी दहा कामं कागदावर उतरवली, कोणतं कधी करायचं ते ठरवलं, की ती मनात टोचायची थांबतात. २०११ मधल्या एका संशोधनात हेच आढळलं : अर्धवट राहिलेलं काम मनाला छळतं, पण ते कधी, कसं करायचं एवढं नुसतं ठरवलं तरी छळ कमी होतो, काम अजून झालेलं नसलं तरी. कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी, पोरीची फी आणि बँकेचा हप्ता एकाच महिन्यात आले की घरातली बाई कॅलेंडरवर खुणा करते ना, ते हेच. नियोजन असं वापरावं, ताब्यातल्या वेळेची निगा राखायला. जो वेळ ताब्यातच नाही त्याबद्दल स्वतःला बोल लावायला वापरलं तर तेच औषध विषासारखं होतं.

बाकीच्या गैरसमजांना एवढी जागा द्यायची गरज नाही.

‘२१ दिवसांत सवय लागते.’ ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून पसरली. लंडनमध्ये प्रत्यक्ष मोजलं तेव्हा (२०१०) सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ लागले, कुणाला २५४.

‘१८ तास अभ्यास केला पाहिजे.’ बाबासाहेबांना अभिवादन म्हणून एक दिवस सलग १८ तास वाचायला बसतात, तो उपक्रम सुंदरच आहे. पण रोजचा नेम म्हणून नाही. २००३ च्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज ६ तासच झोपलेल्यांचं लक्ष पूर्ण रात्र जागलेल्या माणसाइतकं घसरलं, आणि आपण घसरलो आहोत हे त्यांना स्वतःला धड कळतही नव्हतं.

‘जास्त तास म्हणजे जास्त काम.’ पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी जॉन पेन्कॅव्हेल या अर्थतज्ज्ञाने २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला ७० तास राबणाऱ्यांचं उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

‘एका वेळी दोन-तीन कामं करणारा हुशार.’ तो एक सोडून दुसरं धरत असतो, आणि प्रत्येक वेळी मागचं काम थोडं डोक्यात रेंगाळतं.

‘मोबाइलमध्ये चांगलं अ‍ॅप घेतलं की शिस्त लागते.’ मी अजून तरी तसा विद्यार्थी पाहिलेला नाही.

त्या मुलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. रंगीत वेळापत्रक आम्ही बाजूला ठेवलं. कोऱ्या कागदावर तिने कालचा दिवस जसा गेला तसा लिहिला. पाणी भरणं, झाडलोट, स्वयंपाकात हातभार, एसटीची वाट, शाळा, परत एसटी, भांडी, लहान्याचा गृहपाठ, माय वावरातून येईपर्यंत चूल. सगळं वजा करून तिच्या हातात १ तास ५० मिनिटं उरली, तीही दोन तुकड्यांत. मोठ्या तुकड्यात गणित ठेवलं आणि लहान तुकड्यात आदल्या दिवशीच्या वाचनाची उजळणी. पहाटे ४ चं उठणं खोडून टाकलं. ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, ‘म्हंजे मी येवढं करते?’

तिचा मोठा भाऊ आमच्याच शाळेत बारावीला आहे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला बोलावून तसाच कोरा कागद दिला. तो बाकावर बसून पेनचं टोपण चावत लिहीत होता. संध्याकाळी ६ ते ८ च्या समोर त्याने लिहिलं, ‘काही नाही’. तिथे आम्ही दोघांनी मिळून पाणी आणि भांडी लिहिली.