फ्रेडी मर्क्युरी आणि क्वीन : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट २०१८ साली आला आणि क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी पुन्हा घराघरांत वाजू लागली. बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याची भूमिका करणाऱ्या रामी मलेकला ऑस्कर मिळालं. मात्र पटकथेच्या सोयीसाठी चित्रपटाने बऱ्याच घटना मागेपुढे केल्या, आणि प्रेक्षकांनी त्याच खऱ्या मानल्या. आधीपासून चालत आलेल्या दंतकथा होत्याच. यांतल्या बहुतेकांचा सूर एकच आहे : एका जन्मजात चमत्कारी माणसाने एकट्याने सगळं घडवलं. त्यामुळे त्याच्या तीन सोबत्यांचं श्रेय झाकलं जातं आणि त्याची स्वतःची मेहनतही.

गैरसमज १ : फ्रेडीचा जन्म मुंबईचा, आणि गायक म्हणून तो पाचगणीतच गाजला.

वस्तुस्थिती : फारुख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात जन्मला. घराण्याची मुळं गुजरातेतली. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. पियानोचे धडे, शाळेचा गायनवृंद आणि ‘फ्रेडी’ हे नाव त्याला मिळालं ते इथेच. शाळेतल्या मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, पण त्याचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानो वाजवायचा. पुढे १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, तेव्हा बलसारा कुटुंब इंग्लंडला आलं. तिथे तो ग्राफिक डिझाइन शिकला आणि क्वीनचं बोधचिन्ह त्याने स्वतः रेखाटलं. म्हणजे पाचगणीत घडला तो पियानोवादक. गायक मर्क्युरी घडायला पुढची अनेक वर्षं लागली.

गैरसमज २ : क्वीनची सगळी गाजलेली गाणी फ्रेडीची.

वस्तुस्थिती : चौघेही गीतकार-संगीतकार होते. स्टेडियममध्ये हजारो लोक ज्यावर पाय आपटतात आणि टाळ्या वाजवतात, ते ‘वुई विल रॉक यू’ गिटारवादक ब्रायन मेचं. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आणि ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ ही बास वाजवणाऱ्या जॉन डीकनची. ‘रेडिओ गा गा’ ड्रमर रॉजर टेलरचं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ फ्रेडीचं खरं, पण १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्या गाण्याच्या मधल्या ऑपेरासारख्या भागातला प्रचंड कोरस म्हणजे फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज. ते पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक चढवले आहेत. त्यातले सर्वांत उंच सूर टेलरचे आहेत. अनेक श्रोते ते फ्रेडीचे समजतात.

गैरसमज ३ : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा व्हिडिओ हा जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ.

वस्तुस्थिती : गाण्याच्या प्रसिद्धीसाठी चित्रफिती काढण्याची पद्धत आधीपासून होती. बीटल्सनी १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’साठी आणि १९६७ मध्ये ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’साठी अशा फिती केल्या होत्या. क्वीनचं कारण व्यावहारिक होतं. बँड दौऱ्यावर असणार होता आणि इतकं गुंतागुंतीचं गाणं टीव्हीच्या मंचावर नुसते ओठ हलवून सादर करणं अवघड होतं. म्हणून नोव्हेंबर १९७५ मध्ये एल्स्ट्री स्टुडिओत काही तासांत चित्रण उरकलं. गाणं ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. व्हिडिओ गाण्याला किती पुढे नेऊ शकतो, हे त्यातून सगळ्या व्यवसायाला दिसलं. त्याचं महत्त्व या परिणामात आहे.

गैरसमज ४ : फ्रेडीच्या आवाजाचा पल्ला चार सप्तकांचा होता.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रियाचे ध्वनिशास्त्रज्ञ ख्रिस्तियान हेर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. वाद्यांपासून वेगळे काढलेले त्याचे आवाज तपासल्यावर खात्रीने सांगता आला तो पल्ला ३७ अर्धस्वरांचा, म्हणजे तीन सप्तकांहून थोडा जास्त. मुलाखतींमधला त्याचा बोलण्याचा स्वर मंद्र, बॅरिटोन जातीचा होता, तरी गाताना तो वरच्या पट्टीत सहज वावरायचा. त्याच्या स्वराचं आंदोलन सेकंदाला सुमारे ७ वेळा, म्हणजे नेहमीच्या गायकांपेक्षा जलद होतं. त्याच्या गाण्यातली ती थरथर आणि धार समजून घ्यायला सप्तकांच्या आकड्यापेक्षा हे निरीक्षण जास्त उपयोगी पडतं.

गैरसमज ५ : क्वीन फुटला होता, लाइव्ह एडने तो पुन्हा एकत्र आला.

वस्तुस्थिती : हा गैरसमज चित्रपटाने पसरवला. प्रत्यक्षात १९८४ मध्ये क्वीनचा ‘द वर्क्स’ अल्बम आला. जानेवारी १९८५ मध्ये बँड रिओच्या महोत्सवात वाजवत होता आणि मे महिन्यात जपानच्या दौऱ्यावर होता. स्वतंत्र अल्बम काढून फ्रेडीने सोबत्यांना दुखावलं, हेही टिकत नाही. टेलरचा स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच आला होता. १३ जुलै १९८५ रोजी लाइव्ह एड या मदतनिधीसाठीच्या मैफलीत, लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये, प्रत्येक कलाकाराला वीसेक मिनिटं मिळाली. क्वीनने त्यासाठी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये कसून तालीम केली, लोकांच्या ओठांवरची गाणी निवडली आणि ती मिनिटाच्या हिशोबाने बसवली. ती वीस मिनिटं आजही थक्क करतात, त्यामागे ही तयारी आहे.

गैरसमज ६ : आपल्याला एड्स आहे, हे लाइव्ह एडच्या वेळी फ्रेडीला ठाऊक होतं.

वस्तुस्थिती : चित्रपटात तो तालमीच्या वेळी सोबत्यांना हे सांगतो. त्याचा जोडीदार जिम हटन याने लिहिलेल्या आठवणींनुसार निदान झालं १९८७ मध्ये, म्हणजे लाइव्ह एडनंतर सुमारे दोन वर्षांनी. वेम्बलीवर आपण पाहतो तो स्वतःच्या कलेवर पूर्ण ताबा असलेला, उमेदीच्या भरातला गायक आहे. निदानानंतरही तो थांबला नाही. ‘द मिरॅकल’ १९८९ मध्ये आणि ‘इन्युएन्डो’ १९९१ मध्ये आला. या अल्बमांवर गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे एकत्र देण्याचं बँडने ठरवलं. मे १९९१ मध्ये, चालणंही कठीण झालेलं असताना, तो शेवटच्या व्हिडिओसाठी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या ४५व्या वर्षी, तो गेला.

चित्रपटाने मृत्यूची छाया त्याच्या सर्वांत तेजस्वी दिवसावर टाकली. खरी परीक्षा त्यानंतरच्या वर्षांत झाली, प्रेक्षकांच्या गजरापासून दूर, स्टुडिओच्या चार भिंतींत, आणि तिथेही बाकीचे तिघे त्याच्यासोबत होते. फ्रेडीला मोठं ठरवायला चमत्काराची गरज नाही. त्याने काय केलं, कधी केलं आणि कुणाच्या साथीने केलं, हे नीट सांगितलं की पुरे.