खुर्ची तिच्या मापाची, घर तिच्या सोयीचं



व्हीलचेअर म्हटलं की आपल्याला दवाखान्यातली खुर्ची आठवते. पेशंट बसलेला आणि मागून कुणीतरी ढकलतंय. आमच्या बचत गटांच्या बैठकांत विषय निघाला की पहिलं वाक्य हेच येतं, "ढकलायला माणूस लागतंच की!" पण दवाखान्यातली खुर्ची असते पेशंटला या खोलीतून त्या खोलीत न्यायला. जिला रोज खुर्चीतच वावरायचंय, तिची खुर्ची तिला स्वतःच्या हाताने चालवता आली पाहिजे. आज आपण सगळीकडे पाहतो ती घडीची खुर्ची १९३३ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली. ती करणाऱ्या दोघा इंजिनिअरांपैकी हर्बर्ट एव्हरेस्ट हे स्वतः खाणीतल्या अपघातानंतर खुर्ची वापरत होते. वापरणाऱ्याला अडचण नेमकी कळते, ती अशी.

गावोगाव फिरताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. खुर्चीतली बाई दिवसभर पाणी कमी पिते. कारण पाणी प्यायलं की संडासला न्यायला कुणाला तरी हाक मारावी लागते. मग लघवीची जळजळ, ताप, दवाखाना सुरू होतो. म्हणजे खुर्ची घरात आली, तरी तिचा आधार झालाच नाही. म्हणून आधी माप बघू या.

खुर्ची घेताना बसणारीला सोबत न्या. मांडी आणि हात टेकायची जागा यांच्यामध्ये आपला तळवा उभा सरकेल, एवढीच मोकळीक असावी. "सैल बरी" म्हणून रुंद खुर्ची घेतली, तर हात चाकापर्यंत नीट पोचत नाहीत, खांदे दुखतात आणि बसणारी एका बाजूला कलते. गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा सुटावी. पाय पायटेकूवर पूर्ण टेकलेले हवेत. स्वतः चाक फिरवणारीची पाठ खांद्याच्या फऱ्यापेक्षा थोडी खालीच संपावी, म्हणजे हात मोकळे राहतात. हातटेकू निघणारे किंवा मागे वळणारे असतील तर खाटेवर, कमोडवर सरकायला सोपं जातं. आपल्या अंगणात खडी, माती असते. तिथे पुढची चाकं फार बारीक नकोत, ती रुततात.

गादीशिवाय खुर्ची अपुरीच समजा. पायाला संवेदना नसेल तर एकाच जागी बसून कातडीला जखम होते आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. चांगली जाड गादी घ्यावी. दर १५-२० मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलावं किंवा पुढे, बाजूला वाकावं. रात्री घरच्या बाईने पाठ, कुल्ले, टाचा बघाव्यात.

आता घर. पहिला अडसर उंबरठ्याचा. उताराचा साधा हिशेब १ ला १२ असा आहे. म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांब उतार. उंबरठा ४ इंचांचा असेल तर ४ फुटांची फळी किंवा सिमेंटचा उतार पुरतो. कडेला छोटा कठडा ठेवा, चाक घसरत नाही. दार ३२ इंच मोकळं मिळालं तर बरं. मोरीचं दार अरुंद असेल तर ते काढून पडदा लावला, तरी दोन-तीन इंच जागा वाढते. खुर्ची वळवायला ५ फूट मोकळी जागा लागते. घरात तेवढी एक तरी ठेवा.

खाटेची उंची गादीसकट खुर्चीच्या बैठकीएवढी करा. कमी असेल तर पायांखाली विटा द्या, पण खाट हलता कामा नये. सरकण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे आणि पायटेकूवर पाय देऊन कधीही उभं राहायचं नाही. खुर्ची पुढे उलटते.

स्वयंपाकघरात उभ्याच्या ओट्यावर बसून हात पोचत नाही. ३० इंचांच्या आसपास उंचीचं, खालून गुडघे जातील असं मजबूत टेबल ठेवा. शेगडी त्यावर. मीठ-मसाल्याचे डबे हाताच्या टप्प्यात. तापलेलं पातेलं मांडीवर कधीच ठेवू नये. संवेदना नसेल तर भाजलेलं कळत नाही. खुर्चीवर आडवी फळी घ्यावी. पदर, ओढणी चाकात आणि आचेत जाते, तेव्हा पदर खोचून घ्यावा.

संडाससाठी खुर्चीच्या उंचीचा कमोड आणि भिंतीत पक्का दांडा, एवढ्यावर खूप काम होतं. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवायची कमोड खुर्चीही मिळते. हा खर्च सगळ्यात आधी करा.

पैशांचं काय? ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साधनं मिळतात. शिबिरात तपासणीच्या वेळी माप नीट घ्यायला सांगा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्यातून उतार आणि कमोडची मागणी लेखी द्या, पोच घ्या. गटाच्या अंतर्गत कर्जातूनही कमोड बसवता येतो.

शेवटचं एक. हे सगळं करताना तिला विचारा. डबा कुठे हवा, दांडा कुठल्या हाताला हवा, हे तीच सांगेल. तिने भाकरी थापायला घेतली की "राहू दे गं, आम्ही करतो" म्हणू नका. वेळ लागेल, लागू द्या. या महिन्यात प्रत्येक गटाने टेप घेऊन आपल्या गावातल्या अशा एका तरी घरी जावं, आणि खुर्ची, दार, उंबरठा, खाट ही चार मापं वहीत लिहून बैठकीला आणावीत. कामाची सुरुवात तिथून करू.