सतरा मात्रांचा पडदा : हायकू आणि चित्रपट-समीक्षेचा मागोवा

आधुनिक हायकू आणि चित्रपट या दोन्ही कला एकाच दशकात आकाराला आल्या, आणि त्यांच्या पुढच्या नात्याचा विचार करताना हा योगायोग नजरेआड करता येत नाही. मासाओका शिकी (१८६७–१९०२) या कवीने १८९०च्या दशकात जुन्या सामूहिक काव्यसाखळीतली पहिली कडी स्वतंत्र केली, तिला ‘हायकू’ हे नाव रूढ केले आणि पाश्चात्त्य चित्रकलेतून घेतलेले ‘शासेइ’ म्हणजे प्रत्यक्ष पाहून केलेल्या रेखाटनाचे तत्त्व तिच्या केंद्रस्थानी आणले. त्याच्या विचारांना वाहिलेले ‘होतोतोगिसु’ हे नियतकालिक १८९७ मध्ये मात्सुयामा या गावी निघाले, आणि त्याच वर्षी लुमिएर बंधूंचे चलच्चित्रयंत्र ओसाकात पोहोचून जपानी प्रेक्षकांसमोर पडदा उजळला. लुमिएर बंधूंच्या सुरुवातीच्या चित्रपटांसाठी लागणारी फीत सुमारे सतरा मीटर लांबीची असे आणि ती पन्नासेक सेकंदांत संपे. हायकूतही पाच, सात, पाच अशा सतराच मात्रा असतात. या आकड्यांच्या जुळणीला फार अर्थ चिकटवण्याचे कारण नाही, परंतु कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार किंवा फलाटाला लागणारी आगगाडी एवढेच दाखवून थांबणारा तो चित्रपट आणि शिकीचे शब्दरेखाटन यांची वृत्ती एकच होती: समोर आहे ते नेमके पाहावे आणि त्यावर भाष्य करू नये.

हायकूचे आणखी दोन घटक इथे सांगून ठेवणे आवश्यक आहे. ‘किगो’ म्हणजे ऋतू सुचवणारा शब्द, ज्याच्यामुळे ते लहानसे दृश्य काळाच्या एका विशिष्ट बिंदूवर उभे राहते. आणि ‘किरेजी’ म्हणजे छेद देणारा शब्द, ज्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन तुकडे एकमेकांसमोर येतात आणि त्यांच्यातला संबंध वाचकाला स्वतः जुळवावा लागतो. चित्रपटाचा परिचय हायकूतून करून देण्याची जी प्रथा पुढे अनेक भाषांत पसरली, तिचे यशापयश या दोन घटकांवर जितके अवलंबून आहे तितके मात्रांच्या गणतीवर नाही, आणि गेल्या शंभर वर्षांचा प्रवास पाहिला तर हेच वारंवार दिसून येते.

या नात्याचा पहिला सैद्धांतिक विचार जपानात नव्हे तर मॉस्कोत झाला. चित्रपट-दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन याने १९२० मध्ये लष्करी अकादमीच्या पौर्वात्य भाषा विभागात काही काळ जपानी भाषेचे शिक्षण घेतले होते, १९२८ मध्ये काबुकी नाटकमंडळी मॉस्कोत आली तेव्हा त्यांच्या प्रयोगांनी तो भारावून गेला होता, आणि १९२९ मध्ये जपानी चित्रपटांवरील एका पुस्तिकेसाठी उपसंहार लिहिताना त्याने चित्रलिपी, हायकू आणि काबुकी या तिन्हींत आपल्या ‘मोंताज’ सिद्धांताचा पुरावा शोधला. मोंताज म्हणजे दोन स्वतंत्र चित्रखंडांची अशी जोडणी की जिच्यातून दोहोंपैकी एकातही नसलेला तिसरा अर्थ निर्माण व्हावा. आयझेनस्टाइनच्या मते हायकू म्हणजे जणू चित्रीकरणासाठी तयार केलेली दृश्यांची यादीच होती, आणि त्याची तक्रार अशी होती की ज्या संस्कृतीत मोंताज इतका मुरलेला आहे तिच्या चित्रपटाला मात्र त्याचा पत्ता नाही. त्याचे वाचन विलक्षण बुद्धिमान होते, पण एका बाबतीत ते एकांगी होते: हायकूतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आदळतात असे त्याने मानले, वस्तुतः त्या बहुधा एकमेकींशेजारी शांतपणे ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये जागा मोकळी सोडलेली असते.

ही मोकळी जागा ओळखणारा अभ्यासक जपानात होता, आणि तो व्यवसायाने पदार्थवैज्ञानिक होता. तेरादा तोराहिको (१८७८–१९३५) हा तोक्यो विद्यापीठातील प्राध्यापक, कादंबरीकार नात्सुमे सोसेकीचा शिष्य, स्वतः हायकू लिहिणारा आणि चित्रपटांचा नियमित प्रेक्षक होता. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या निबंधांत त्याने चित्रपटाची तुलना सुट्या हायकूपेक्षा ‘रेंकू’शी करणे अधिक योग्य मानले. रेंकू म्हणजे अनेक कवींनी मिळून गुंफलेली काव्यमाला, जिच्यात प्रत्येक कडी आपल्या आधीच्या कडीशी नाते जोडते, पण तिच्याही आधीच्या कडीपासून जाणीवपूर्वक दूर जाते. चित्रपटातली दृश्ये अशीच एकमेकांचा हात धरत आणि सोडत पुढे सरकतात हे तेरादाचे निरीक्षण आजही ताजे वाटते, आणि त्यातून हायकू-परिचयासाठी एक महत्त्वाची सूचना मिळते: संपूर्ण चित्रपट ही माळ असेल तर तीन ओळींच्या परिचयाने तिच्यातली एकच कडी उचलावी, माळ आवळून तिचा गोळा करू नये.

याच काळात हायकूनेही चित्रपटाकडून उलट दिशेने शिकायला सुरुवात केली. यामागुची सेइशी (१९०१–१९९४) आणि त्याच्या समकालीनांनी ‘रेन्साकू’ म्हणजे एकाच विषयावरील हायकूंची सलग मालिका लिहिण्याचा प्रयोग केला, आणि त्यामागे मोंताजच्या चर्चेचा प्रभाव स्पष्ट होता. १९३७ नंतर चीनमधले युद्ध भडकले तेव्हा नव्या हायकू-चळवळीतल्या अनेकांनी आघाडीवर न जाता, वृत्तपत्रे, छायाचित्रे आणि वृत्तचित्रपट यांच्या आधारे युद्धाविषयी हायकू लिहिले. पडद्यावर पाहिलेल्या दृश्याला हायकूने दिलेला प्रतिसाद म्हणून या रचनांकडे क्वचितच पाहिले जाते, परंतु ज्याला आज चित्रपटाचा हायकू म्हणतात त्याचा एक गंभीर पूर्वज तिथे सापडतो. याच चळवळीतल्या ‘क्योदाइ हायकू’ या नियतकालिकाशी संबंधित कवींना १९४० मध्ये अटक झाली. सतरा मात्रांची कविता राज्यसत्तेला दखल घेण्याइतकी धोकादायक वाटली, हे या प्रकाराला केवळ करमणूक समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

युद्धोत्तर काळात या चर्चेला सर्वांत खोल वळण दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्कीने दिले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर प्रसिद्ध झालेल्या ‘स्कल्प्टिंग इन टाइम’ या ग्रंथात त्याने आयझेनस्टाइनशी थेट मतभेद नोंदवला: हायकूचे सौंदर्य तुकड्यांच्या संयोगातून उपजणाऱ्या कल्पनेत नसून जीवनाच्या शुद्ध, नेमक्या आणि पुन्हा न येणाऱ्या निरीक्षणात आहे, आणि चित्रपटाची प्रतिमाही मूलतः असेच निरीक्षण असते, असे त्याचे म्हणणे होते. दुसरीकडे फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९७० मध्ये आयझेनस्टाइनच्याच चित्रपटांतील स्थिरचित्रांवर लिहिताना, कथानक आणि प्रतीकार्थ सांगून झाल्यावरही चित्रात उरणाऱ्या, वर्णनाला दाद न देणाऱ्या एका तिसऱ्या अर्थाचा उल्लेख केला आणि त्याच्याजवळ जायचे तर हायकूसारखा निर्देश करण्यापलीकडे मार्ग नाही असे सुचवले. आयझेनस्टाइन, तेरादा, तारकोव्स्की आणि बार्थ यांच्यात बार्थचे म्हणणे समीक्षकाच्या सर्वाधिक उपयोगाचे आहे, कारण त्यात बोट दाखवण्याच्या कृतीलाच समीक्षेचा दर्जा मिळतो. दीडशे मिनिटांच्या चित्रपटातून कोणत्या पाच सेकंदांकडे बोट दाखवले, यातच लिहिणाऱ्याची जाण, त्याचा निवाडा आणि त्याचे चित्रपटावरचे प्रेम उघड होते.

भारतीय चित्रपटाचा विचार या संदर्भात सत्यजित राय यांच्यापासून सुरू करणे भाग आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९१६ मध्ये जपानला गेले होते आणि ‘जापान-यात्री’ या प्रवासग्रंथात त्यांनी जपानी कवी बाशोच्या रचनांचा बंगाली वाचकांना परिचय करून दिला होता. त्यांच्याच शांतिनिकेतनात १९४०च्या सुमारास चित्रकार नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकताना रायना पूर्वेकडील चित्रकलेची दृष्टी मिळाली. ‘पाथेर पांचाली’च्या (१९५५) चित्रीकरणाची हकिकत तर किगोचा वस्तुपाठच आहे. अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला जातात तो प्रसंग रायनी १९५२ मध्ये प्रथम हाती घेतला, पण काही दिवसांनी उरलेला भाग टिपण्यासाठी मंडळी परतली तेव्हा गुरांनी फुले खाऊन टाकलेली होती, आणि शरद ऋतू पुन्हा येऊन काश फुलेपर्यंत थांबण्यावाचून इलाज उरला नाही. ज्या दृश्याला ऋतूच्या परवानगीशिवाय अस्तित्वच नव्हते, त्याचा परिचय ऋतुशब्दाने सुरू व्हावा हे स्वाभाविक आहे:

काशफुलांत
खांबाशी दोन कान;
गाडी दूरच

या तीन ओळींत तारेच्या खांबातून येणारी गुणगुण उच्चारलेली नाही, मुलांची नावे नाहीत, दारिद्र्याचा उल्लेख नाही, आणि तरीही ज्याने चित्रपट पाहिला आहे त्याला दुर्गेची पुढची कहाणी ‘दूरच’ या शब्दात ऐकू येऊ शकते. ज्याने पाहिलेला नाही त्याच्या मनात निदान एक प्रश्न तरी उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीभाषक जगात मात्र सतरा अक्षरांच्या विनोदाची लाट आली. १९९८ मध्ये ‘सलोन’ या नियतकालिकाने संगणकाच्या त्रुटीसंदेशांचे हायकू मागवणारी स्पर्धा घेतली, ती बरीच गाजली, आणि त्याच हवेत चित्रपटांवरील तीन ओळींचे परिचयही वाढीस लागले. त्यांपैकी बहुतेकांना काटेकोरपणे हायकू म्हणता येत नाही. ते ‘सेन्र्यू’ आहेत, म्हणजे कराई सेन्र्यू (१७१८–१७९०) या संकलकाच्या नावाने ओळखला जाणारा, त्याच मात्रांचा पण ऋतुशब्दाचे बंधन नसलेला आणि माणसाच्या दोषांवर, ढोंगावर, फजितीवर नेम धरणारा प्रकार. सेन्र्यू कमअस्सल नाही. काही चित्रपटांना तोच शोभतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) तो असह्य प्रसंग, जिथे डुक्कर पकडण्यासाठी धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी खिळून उभे राहते, त्याला निसर्गाचा ओलावा देणे खोटेपणाचे होईल:

राष्ट्रगीतात
सगळे उभे, फक्त
डुक्कर पळे

खरा दोष वेगळाच आहे, आणि तो म्हणजे तीन ओळींत कथानक बसवण्याचा अट्टहास. यासुजिरो ओझूच्या ‘तोक्यो मोनोगातारी’चा (१९५३) परिचय पुढीलप्रमाणे करता येईल:

म्हातारे आले;
मुलांना वेळ नाही;
आई वारली

अक्षरांची गणती अचूक आहे, एकही विधान चुकीचे नाही, आणि तरीही ओझूचा चित्रपट यात कुठेही नाही. ओझूच्या चित्रपटांत घटना अनेकदा दृश्यांच्या फटीत घडून जाते आणि पडद्यावर उरतात ती दोरीवर वाळणारे कपडे, रिकामी मार्गिका, धुराडे अशी चित्रे. नोएल बर्च या समीक्षकाने १९७९ मध्ये त्यांना जुन्या जपानी कवितेतील अलंकरणाच्या आधारे ‘पिलो शॉट’ असे नाव दिले. अशा दिग्दर्शकाविषयी लिहिताना घटना सांगणे म्हणजे त्याने जे मुद्दाम गाळले तेच पुन्हा भरणे होय. चित्रपटाच्या शेवटी ओनोमिची गावातल्या घरात, सुरुवातीला जिथे पतिपत्नी शेजारी बसून प्रवासाची बांधाबांध करत होती तिथेच, वृद्ध पती एकटा हातपंख्याने वारा घेत बसलेला दिसतो आणि पाण्यातून बोट जाते:

खाडीत बोट;
पंखा हलतो मंद,
शेजारी जागा

इथे हातपंखा हा उन्हाळ्याचा ऋतुशब्द आहे, पहिल्या ओळीनंतर छेद आहे, आणि ‘रिकामी’ हे विशेषण टाळल्यामुळे ती जागा वाचकाला स्वतः रिकामी करावी लागते. या प्रकारची समीक्षा अभिनयाची चर्चा करू शकत नाही, निर्मितीचा इतिहास सांगू शकत नाही, चित्रपटाच्या राजकारणाचा प्रतिवाद करू शकत नाही. ते काम विस्तृत लेखाचेच आहे आणि राहील. परंतु जुना चित्रपट पुन्हा पाहणाऱ्यासाठी हायकूइतके प्रामाणिक साधन दुर्मीळ आहे, कारण प्रत्येक वेळी वेगळी कडी उचलली जाते आणि वीस वर्षांपूर्वी कोणते दृश्य निवडले होते व आज कोणते निवडले, याची तुलना करता येते. नव्या चित्रपटाच्या बाबतीत धोका अधिक असतो, कारण कोणते दृश्य टिकणार हे काळाने अजून ठरवलेले नसते आणि निवडीची सारी जबाबदारी एकट्या लिहिणाऱ्यावर पडते.

मराठीत हायकू आणण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९–२०१७) यांना दिले जाते. १९७५च्या सुमारास त्यांनी हा प्रकार हाताळायला सुरुवात केली, आणि अक्षरांच्या काटेकोर मोजणीपेक्षा तीन ओळींची लय व क्षणाचा थेट प्रत्यय यांना महत्त्व देऊन त्यांनी तो मराठी वळणाचा केला. त्यांचे वडील आचार्य प्र. के. अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते, म्हणजे मराठी चित्रपटाच्या मानाचा एक क्षण आणि मराठी हायकूचा उगम एकाच घरातले आहेत. असे असूनही मराठी हायकूचे मन पाऊस, पक्षी, झाडे आणि एकांत यांत अधिक रमले, आणि चित्रपटावरचा हायकू हा स्वतंत्र प्रकार म्हणून इथे फारसा रुजलेला दिसत नाही. ही उणीव खेदाची आहे, कारण मराठी चित्रपटाने अलीकडे या प्रकाराला हवी तशी दृश्ये सातत्याने दिली आहेत. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) न्यायालय दीर्घ सुट्टीसाठी बंद होताना कॅमेरा हलत नाही, माणसे निघून जातात आणि दालन अंधारात बुडते:

उन्हाळी सुट्टी;
मालवले कोर्टाचे
दिवे एकेक

न्यायालयाची उन्हाळी सुट्टी हा इथे ऋतुशब्द झाला आहे, आणि तो जपानी ऋतुकोशातून उसना घ्यावा लागलेला नाही. मराठी चित्रपट-हायकूला असे शब्द शोधावे लागतील, आणि ते प्रेक्षकांच्या जीवनात आधीच उपलब्ध आहेत: दिवाळीत झळकणारे नवे चित्रपट, मे महिन्यातले दुपारचे खेळ, आणि पावसाळा सरल्यावर गावोगावच्या जत्रांमागून फिरणारे तंबूतले सिनेमे, ज्यांच्या अखेरच्या काळाची नोंद शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात आहे. तंबूतला सिनेमा हा महाराष्ट्रात चित्रपटाला मिळालेला खराखुरा ऋतू होता, कारण त्याचे येणे-जाणे पीकपाणी आणि ग्रामदैवतांच्या पंचांगावर ठरत असे. मराठी ऋतुकोश कधी तयार झालाच, तर त्यात हा शब्द हेमंत-शिशिराच्या पानावर नोंदवावा लागेल.